ब्रेकचा दाब, गिअरची खटक आणि काळ्या मातीतली सायकल

घाटंजी तालुक्यातील एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न असा आहे. ते रोज गावाहून शाळेपर्यंत ११ किलोमीटर सायकलने जातात आणि तेवढेच परत येतात. त्यांतले ४ किलोमीटर पांदणीचे आणि मुरमाचे आहेत, उरलेला रस्ता डांबरी आहे. सायकल २६ इंची चाकांची, २१ गिअरची, पुढे-मागे तारेने ओढल्या जाणाऱ्या डिस्क ब्रेकची असून तिला तीन वर्षे झाली आहेत. मागच्या ब्रेकचा लिव्हर हॅण्डलला टेकेपर्यंत दाबावा लागतो आणि तरीही चाक धरल्याची जाणीव हाताला होत नाही. मागचे गिअर मोठ्या चक्रीवर नीट चढतात, पण लहान चक्रीवर उतरायला दोन-चार पेडलांचा उशीर लावतात, आणि चढावर जोर दिला की चेन मध्येच दात सोडते. गावच्या मिस्त्रींनी हायड्रॉलिक ब्रेक आणि ९ गिअरचा नवा संच बसवायला सांगितले आहे. शिवाय सातवीतल्या मुलीच्या साध्या सायकलचा ब्रेक तिच्या बोटांना झेपत नाही. पैसे कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

सर, निर्णय आधी सांगतो आणि कारणे मागून देतो. हायड्रॉलिक ब्रेक नको आणि ९ गिअरचा संच तर मुळीच नको. दोन्ही सायकलींच्या तारा आणि आउटर, म्हणजे तारांवरची बाहेरची नळी, बदला, डिस्कचे पॅड आणि मुलीच्या सायकलचे ब्रेक शू बदला, चेन मोजून पाहा आणि गरज असेल तर चेनसोबत फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्र्यांचा गुच्छही घ्या, आणि मागचा गिअर ज्याला लटकतो तो हँगर सरळ आहे की नाही हे तपासून घ्या. वर्धा जिल्ह्यात सायकलदुरुस्तीचे काम करताना माझी सत्तावीस वर्षे गेली आहेत, आणि ‘ब्रेक लागत नाही’ किंवा ‘गिअर पडत नाही’ असे सांगत आलेल्या सायकलींपैकी बहुतेकांचे दुखणे मला लिव्हर आणि चाक यांच्या मधल्या त्या दीड मीटर आउटरमध्ये सापडले आहे. गिऱ्हाईक मात्र नेहमी टोकाचे चकाकणारे भाग बदलायला तयार असते, कारण ते डोळ्यांना दिसतात.

तारेचे काम एकदा नीट समजले की पुढचे सगळे आपोआप समजते. लिव्हर दाबल्यावर आतली तार जितक्या जोराने ओढली जाते, तितक्याच जोराने बाहेरचा आउटर दाबला जातो. तार थोडी ताणते, पण फार नाही. आउटर मात्र दबतो, वाकतो, सरकतो. ब्रेकचा नेहमीचा आउटर ५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या आत चपट्या पोलादी पट्टीची स्प्रिंगसारखी गुंडाळी असते. हा आउटर नवा, चांगला आणि टोकाला सरळ कापलेला असेल तर वेढे एकमेकांना टेकून बसतात आणि फारसे दबत नाहीत. तो स्वस्त असेल, तीन उन्हाळे खाल्लेला असेल, ठिकठिकाणी मोडून पुन्हा सरळ केलेला असेल, तर प्रत्येक वेढ्यात थोडीथोडी फट राहते, आणि लिव्हरची निम्मी धाव या फटी मिटवण्यातच खर्च होते. तुमच्या हाताला जे ‘काहीच लागत नाही’ ते हेच आहे. पुढच्या ब्रेकची तक्रार तुम्ही केलेली नाही, यालाही अर्थ आहे: पुढचा आउटर आखूड असतो, मागचा बराच लांब. दोन्हीकडे डिस्क सारखीच, पॅड दाबणारा कॅलिपर सारखाच, फरक फक्त आउटरच्या लांबीत आहे.

गिअरचा आउटर वेगळ्या जातीचा असतो. तो साधारण ४ मिलिमीटर जाडीचा असून त्यात गुंडाळीऐवजी लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक सरळ तारा असतात, त्यामुळे तो जवळजवळ दबतच नाही. हे ऐकून काही जण ब्रेकलाच गिअरचा आउटर घालतात. ते कधीही करू नका, आणि कुणी करत असेल तर थांबवा. ब्रेकला लागणारा जोर गिअरपेक्षा अनेक पटींनी जास्त असतो, त्या सरळ तारांना बांधून ठेवणारे केवळ प्लास्टिकचे वेष्टन असते, आणि ते फुटले की तारा केरसुणीसारख्या पसरतात आणि ब्रेक एका क्षणात नाहीसा होतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि उतार लांबच लांब आहे. माझ्यासोबतच्या मित्राच्या सायकलला कुण्या दुकानदाराने मागच्या ब्रेकला गिअरचा उरलेला आउटर घातला होता. एका वळणावर ‘टक्’ असा आवाज आला, लिव्हर हॅण्डलला चिकटला आणि तो पुढच्या ब्रेकवर कसाबसा दगडांच्या कठड्याजवळ थांबला. खाली उतरून पाहिले तेव्हा आउटरच्या टोकातून दहा-बारा तारा बाहेर आल्या होत्या. त्या दिवसापासून माझ्या दुकानात दोन्ही आउटर वेगवेगळ्या खिळ्यांना टांगलेले असतात आणि हाताखालच्या मुलाला पहिल्या दिवशी तोच फरक शिकवला जातो.

सरळ तारांचा, पण त्यांच्यावर मजबूत विणलेले आवरण असलेला, खास ब्रेकसाठी बनवलेला न दबणारा आउटर स्वतंत्रपणे मिळतो. तारेच्या डिस्क ब्रेकला इतका फरक दुसऱ्या कोणत्याही एका वस्तूने पडत नाही, असे माझे ठाम मत आहे. तो थोडा ताठ असतो, त्याला लहान वळणे आवडत नाहीत आणि खेड्यातल्या दुकानात तो सहसा नसतो. नागपूर, अमरावती किंवा यवतमाळहून मागवावा लागेल. घेताना तो ब्रेकसाठीच आहे हे वेष्टनावर वाचून घ्या. तो मिळाला नाही तर आत गुळगुळीत नळीचे अस्तर असलेला चांगला ५ मिलिमीटरचा आउटर आणि त्यात १.५ किंवा १.६ मिलिमीटरची स्टेनलेस तार, एवढ्यानेही मागचा ब्रेक ओळखू येणार नाही इतका सुधारेल. साधी जस्ताचा मुलामा दिलेली तार स्वस्त पडते, पण पावसाळ्यात आपल्याकडे ती आउटरच्या तोंडाशी गंजते आणि गंज अस्तरात घासत राहतो. दोन तारांमधल्या किमतीचा फरक एका पावसाळ्यात वसूल होतो.

आउटर कसा कापला, यावर निम्मे काम अवलंबून आहे. पक्कडीने चेपून कापलेल्या टोकाकडे उजेडात निरखून पाहा: पट्टीचे शेवटचे टोक आतल्या बाजूला चोचीसारखे वळलेले दिसेल आणि अस्तराची नळी चपटी होऊन तिचे भोक मिटलेले असेल. तार ओढताना ती चोच प्रत्येक वेळी तारेला खरवडते. आउटर तार-कटरनेच कापावा, मग टोक कानशीवर घासून काटकोनात सपाट करावे आणि मिटलेले अस्तर दाभणाने हलकेच गोल उघडावे. त्यावर टोपी बसवावी. टोपीत आउटर डुगडुगत असेल तर ती टोपी त्या मापाची नाही. या चार गोष्टींना मिळून पाच मिनिटे लागतात. मिस्त्रींना ती पाच मिनिटे द्यायला सांगा आणि त्यांच्याजवळ उभे राहा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही. आउटरची लांबीही अशी असावी की हॅण्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर तो ताणला जाऊ नये आणि सरळ असताना पोटासारखा लोंबूही नये.

आता कॅलिपर. तुमच्या किमतीच्या सायकलींवर तारेच्या डिस्क ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतो. तो डिस्कला ढकलतो आणि डिस्क किंचित वाकून दुसऱ्या, स्थिर पॅडला टेकते. म्हणून स्थिर पॅड डिस्कच्या शक्य तितका जवळ हवा, केवळ घासणार नाही इतक्या अंतरावर. तो लांब असेल तर लिव्हरचा जोर डिस्क वाकवण्यातच जातो आणि हाताला रबर दाबल्यासारखे वाटते. पॅड झिजले की बहुतेक जण तारेचा नट सोडून तार आणखी ओढून घेतात, किंवा ताण वाढवणारा स्क्रू बाहेर फिरवत राहतात. त्याने कॅलिपरचा हात आधीच अर्धा वळलेल्या स्थितीतून काम सुरू करतो आणि त्याची खरी ताकद ज्या टप्प्यात असते तो टप्पा वाया जातो. झीज नेहमी पॅड आत आणून भरून काढावी, तार ओढून नव्हे. मिस्त्रींना सांगताना एवढेच सांगा: कॅलिपरचा हात पूर्ण मोकळ्या जागी असताना तार कसा, आणि अंतर पॅडच्या स्क्रूने जुळवा.

पॅड दोन जातींचे मिळतात. रेझिनचे पॅड शांत असतात आणि लगेच पकड घेतात, पण ओल्या चिखलात फार लवकर झिजतात. धातूचे, म्हणजे सिंटर्ड, पॅड थोडा आवाज करतात आणि पहिल्या क्षणी किंचित कमी पकडतात, परंतु चिखलात आणि उतारावर तापल्यावरही टिकतात. ज्याने जुलैमध्ये पांदणीतून सायकल काढली आहे त्याला काळ्या मातीविषयी वेगळे सांगायला नको. ती ओली असताना फुगते आणि चिकटते, वाळली की आवळते, आणि तिच्यात मिसळलेल्या बारीक खड्यांसह पॅड आणि डिस्कच्या मध्ये सहाणेसारखे काम करते. तुमच्या रस्त्यासाठी मी धातूचे पॅड घेईन, मात्र आधी डिस्कवर कोरलेले वाचून घ्या: काही स्वस्त डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशी सूचना इंग्रजीत असते आणि त्या मऊ डिस्क धातूच्या पॅडने खाल्ल्या जातात. तसे असेल तर पावसाळ्यापुरते रेझिनच्या पॅडचा एक जास्तीचा जोड घरी ठेवणे हा सोपा उपाय आहे.

तेलाबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. आपल्याकडे सायकल धुणे म्हणजे डिझेल किंवा रॉकेल मारणे आणि मग चेनवर गाडीचे जळके ऑइल ओतणे, अशी पद्धत पडली आहे. डिस्कच्या सायकलला त्याने ब्रेक कायमचा जातो. पॅड तेल शोषून घेतो आणि नंतर कितीही घासला, आगीवर धरला, तरी पूर्वीसारखा होत नाही. तो फेकून नवाच घ्यावा लागतो. डिस्क औषधांच्या दुकानातल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ चिंधीवर घेऊन पुसावी आणि पुसल्यावर तिला बोटे लावू नयेत. नवे पॅड बसवल्यावर लगेच भरवसा ठेवू नका. मोकळ्या डांबरी रस्त्यावर मध्यम वेग घेऊन, चाक पूर्ण अडू न देता, चालण्याच्या वेगापर्यंत वीस-तीस वेळा ब्रेक मारा. पॅडचा बारीक थर डिस्कवर बसला की मगच पकड येते. ‘नवे पॅड टाकले तरी ब्रेक लागत नाही’ म्हणून परत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे एवढेच करायचे राहिलेले असते.

हायड्रॉलिक ब्रेक वाईट म्हणून मी नाही म्हणत नाही. तो उत्तमच आहे. एका बोटाने थांबवतो, आउटर दबण्याचा प्रश्नच राहत नाही आणि पॅड झिजले तरी अंतर स्वतः जुळवून घेतो. पण त्याची नळी बांधावरच्या पऱ्हाटीत अडकून उपटली गेली, किंवा आत हवा शिरली, तर ती हवा काढायला योग्य तेल, योग्य नळ्या आणि ते काम येणारा हात लागतो. काही ब्रेकमध्ये खनिज तेल असते, काहींमध्ये डॉट प्रकारचे द्रव, आणि एकाच्या जागी दुसरे घातले की आतली रबरे फुगून ब्रेक निकामी होतो. घाटंजीच्या एखाद्या खेड्यात सोमवारी सकाळी शाळेला निघताना हे सगळे कुठून आणणार? तारेचा ब्रेक रस्त्यात एका पान्याने चालता होतो. ज्या सायकलवर रोजचे काम अवलंबून आहे तिच्या दुरुस्तीचे अंतर मी आधी मोजतो, ताकद नंतर.

मुलीच्या सायकलचा विचार वेगळ्या टोकापासून करावा लागेल, तिच्या हातापासून. लिव्हरच्या मुळाशी बहुतेक वेळा एक लहान स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर हॅण्डलच्या जवळ येतो. तिने बोटे सरळ ठेवून लिव्हर पकडला असता पहिल्या दोन बोटांचे पहिले सांधे लिव्हरवर टेकले पाहिजेत. लिव्हर जवळ आणला की त्याची धाव कमी होते, म्हणून ब्रेक शूचे अंतरही तेवढ्याच काळजीने कमी करावे लागते, आणि अंतर कमी करायचे तर रिमचा आउट, म्हणजे फिरताना होणारे तिचे डोलणे, आधी काढावा लागतो, नाहीतर शू घासतील. तो स्क्रू नसेल तर मोठ्यांच्या लिव्हरऐवजी लहान हातासाठीचा लिव्हर घ्यावा.

इथे एक सावधगिरी ठेवा. लिव्हर दोन जातींचे असतात. १९९६ च्या सुमारास शिमानोने आणलेल्या व्ही-ब्रेकसाठीचे (रिमला दोन लांब हातांनी दोन्हीकडून धरणाऱ्या ब्रेकसाठीचे) लिव्हर जवळपास दुप्पट तार ओढतात. रिमवर शू दाबणाऱ्या साध्या कॅलिपरसाठीचे लिव्हर कमी तार ओढतात, पण जास्त जोराने. मुलीच्या सायकलला कॅलिपर ब्रेक आहे. तिला व्ही-ब्रेकचा लिव्हर बसवला तर दाब दगडासारखा कडक लागेल, दुकानात उभ्याउभ्या तो ‘मस्त टाइट’ वाटेल, आणि रस्त्यावर चाक थांबणार नाही. उलट, व्ही-ब्रेकला कॅलिपरचा लिव्हर लावला तर ताकद भरपूर, पण लिव्हर हॅण्डलला टेकतो. तारेच्या डिस्क कॅलिपरमध्येही हेच दोन प्रकार आहेत, तेव्हा तुमचा लिव्हर कधी मोडला तर जुना सोबत घेऊनच दुकानात जा. हाताला कडक लागणारा ब्रेक म्हणजे चांगला ब्रेक, हा समज मी असंख्य वेळा खोडून काढला आहे.

पत्रा दाबून बनवलेले कॅलिपर जोर दिला की स्वतःच वाकतात. त्याच्या जागी दोन टेकूंचा ॲल्युमिनियमचा कॅलिपर बसवता येतो. त्यासाठी बोल्टच्या भोकापासून रिमच्या घासण्याच्या पट्टीच्या मध्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून न्या, कारण हात आखूड पडला तर शू टायरला लागतो आणि लांब पडला तर रिमखाली घसरतो. त्याआधी शू बदलून पाहा. आपल्याकडचा मे महिन्यातला ४५ अंशांचा उन्हाळा रबराला काचेसारखे कडक करून टाकतो. नखाने दाबल्यावर ज्या शूवर खूण उमटत नाही तो शू गेला. बसवताना शूचे पुढचे टोक रिमला आधी टेकावे आणि मागे पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट राहावी, म्हणजे ब्रेक किंचाळत नाही आणि दाब हळूहळू वाढत जातो. रिम ॲल्युमिनियमची असेल तर महिन्यातून एकदा शूमध्ये रुतलेले चमकते कण सुईने काढून टाकावेत. पाट्या-वरवंट्याला टाकी लावावी तसे ते रिमला खरवडत असतात.

रिम क्रोमच्या पोलादी पत्र्याची असेल तर मात्र पावसाळ्यात कोणताही शू पूर्ण न्याय देऊ शकत नाही. ओल्या क्रोमवर रबर घसरते, आणि पाणी पुसले जाईपर्यंत चाकाचे काही फेरे वाया जातात. दांडीच्या ब्रेकच्या जुन्या काळ्या सायकलींवरही हीच अडचण असते. आमच्याकडे दुधाच्या बरण्या लावून येणारे एक काका दर पोळ्याच्या सुमारास म्हणतात, ‘‘भाऊ, ब्रेक तं दाबतो, पण सायकल आयकतच नाई.’’ त्यांच्या सायकलला दांड्यांच्या सांध्यांतले ढिले पिन बदलणे, मऊ रबर लावणे आणि थांबायच्या जागेच्या बरेच आधी ब्रेक हलका टेकवून रिम पुसून घेणे, एवढेच करता येते. मुलीच्या सायकलची रिम पोलादी असेल तर निदान पुढचे चाक ॲल्युमिनियमच्या रिमवर बांधून घ्या. शाळेच्या वाटेवर रस्ता ओलांडावा लागत असेल तर हा खर्च सगळ्यांत आधी करा.

आता तुमच्या गिअरकडे येतो. तुम्ही लक्षण फार अचूक सांगितले आहे: मोठ्या चक्रीवर चढते, लहान चक्रीवर उतरताना अडते. चढवताना तुमचा अंगठा तार ओढतो, म्हणून आउटरमधल्या अडथळ्यावर जोराने मात होते. उतरवताना मात्र तार सोडली जाते आणि मागच्या गिअरच्या, म्हणजे चेन सरकवणाऱ्या यंत्रणेच्या, दुबळ्या स्प्रिंगला ती मागे खेचावी लागते. आउटरमध्ये चिखल आणि गंज असला की स्प्रिंग हरते. उलट लक्षण असते, म्हणजे उतरते पण चढत नाही असे, तर तार ढिली आहे असे मी म्हटले असते. त्यामुळे इथेही पहिला संशयित आउटरच आहे, आणि त्यातही मागच्या चाकाजवळचा तो अर्धगोल शेवटचा तुकडा. त्याचे तोंड वर असते, पाणी आणि मातीचा गाळ तारेवरून ओघळून त्यात उतरतो आणि वाळल्यावर आत सिमेंटसारखा बसतो. बहुतेक सायकलींवर तार फ्रेमच्या दांडीखालून उघडी जाते. पांदणीच्या सायकलींना मी शिफ्टरपासून, म्हणजे हॅण्डलवरच्या गिअरच्या खटक्यापासून, मागच्या गिअरपर्यंत एकसंध आउटर घालतो आणि तो झिप टायने फ्रेमला बांधतो. थोडा घासाव वाढतो, पण आत काही शिरायला जागाच राहत नाही आणि एकंदर हिशेबात गिअर दोन पावसाळे हलका चालतो. आउटरमध्ये घट्ट ग्रीस भरू नका. धूळ त्यात मिसळून तिचा खल होतो.

या बारीकसारीक गोष्टींना इतके महत्त्व का, ते आकड्यांत दाखवतो. १९८४ मध्ये शिमानोने खटक्याचे गिअर आणले, आणि तेव्हापासून चेन कुठे थांबावी हे बोटांऐवजी शिफ्टरमधली खाच ठरवू लागली. तुमच्या ७ चक्र्यांच्या फ्रीव्हीलमध्ये दोन शेजारच्या चक्र्यांमधले अंतर सुमारे ५ मिलिमीटर असते, आणि या जातीचा मागचा गिअर तार १ मिलिमीटर हलली की स्वतः सुमारे १.७ मिलिमीटर हलतो. म्हणजे आउटर दबल्यामुळे किंवा टोपी डुगडुगल्यामुळे तारेत एकच मिलिमीटर हरवला, तर चेन आपल्या जागेपासून चक्र्यांमधल्या अंतराच्या एक तृतीयांश बाजूला उभी राहते. ९ चक्र्यांच्या संचात हे अंतर सुमारे ४.३५ मिलिमीटर असते, म्हणजे चूक पोटात घालायला जागा आणखी कमी, आणि चिखल अडकायला फटी आणखी अरुंद. शिवाय तुमच्या चाकाला पेचावर बसणारे फ्रीव्हील आहे. ९ चक्र्यांच्या कॅसेटसाठी (पेचाऐवजी खाचांवर सरकवून बसणाऱ्या संचासाठी) हब, म्हणजे चाकाचा मधला भागच वेगळा लागतो, म्हणजे चाक नवे, चेन नवी, शिफ्टर नवा. एवढे करून काळ्या मातीत तुम्हाला आजच्यापेक्षा जास्त नाजूक सायकल मिळेल. ७ चक्र्याच ठेवा.

चढावर चेन दात सोडते, त्याचे कारण तारेत नसून बहुधा झिजेत आहे, आणि ते मोजून ठरवता येते. पोलादी पट्टीचे शून्य चेनच्या एका पिनच्या मध्यावर धरा. नव्या चेनवर १२ इंचाची खूण बरोबर दुसऱ्या एका पिनच्या मध्यावर येते. ती पिन १२ इंचांच्या पुढे १/१६ इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, सरकली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. १/८ इंच सरकली असेल तर फ्रीव्हीलही सोबत बदला, कारण ताणलेल्या चेनने दात आपल्या मापाचे खाऊन घेतलेले असतात आणि त्यावर नवी चेन आणखी जास्त घसरते. तीन वर्षे, रोज २२ किलोमीटर आणि जळके ऑइल, हा हिशेब पाहता दोन्ही घ्यावे लागतील असे मी धरून चालतो. चेनसाठी पातळ तेल वापरा. काहीच मिळाले नाही तर शिलाई मशीनचे तेल प्रत्येक कडीवर एकेक थेंब, आणि दहा मिनिटांनी बाहेरचे सगळे कोरड्या चिंधीने पुसून टाका. ते लवकर उडते, आठवड्याला लावावे लागते, पण मातीला चिकटू देत नाही. डिस्कवर जुने वर्तमानपत्र झाकून मगच चेनला तेल लावा.

हँगर म्हणजे मागचा गिअर जिथे लटकतो तो फ्रेमचा लहान कान. सायकल काळी-पिवळीच्या टपावर उजव्या बाजूला आडवी टाकली, किंवा शाळेच्या भिंतीजवळ त्या बाजूला पडली, की तो आत वाकतो आणि मग जगातली कोणतीही तार गिअर जागेवर आणू शकत नाही. सायकलच्या मागे दहा फुटांवर उभे राहून डोळे चक्रीच्या उंचीला आणा. गिअरची दोन लहान चाके वरच्या चक्रीच्या सरळ रेषेत खाली लोंबली पाहिजेत. खालचे चाक आऱ्यांकडे झुकलेले दिसले तर हँगर वाकला आहे. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर तो स्क्रूने काढून बदलता येतो, मात्र त्याचे आकार शेकड्यांनी असतात, म्हणून नमुना सोबत न्यावा. पोलादी फ्रेमवर माप लावून हळूहळू सरळ करता येतो. ती दोन लहान चाकेही पाहा: वेचणीच्या दिवसांत त्यांच्या आसाभोवती कापसाचे तंतू आणि गवत इतके गुंडाळले जाते की ती फिरणेच सोडतात.

पुढच्या तीन चेनव्हीलांबद्दल माझे मत थोडे कडवे आहे. घाटंजी ते यवतमाळ भागातल्या चढउतारांना २१ गिअर लागत नाहीत. पुढे ३६ दातांचे एकच चेनव्हील आणि मागे १४ ते ३४ दातांचे फ्रीव्हील ठेवले, तर तुमच्या चाकावर एका पेडल-फेऱ्यात सर्वांत जड गिअरला सुमारे ५.३ मीटर आणि सर्वांत हलक्याला सुमारे २.२ मीटर अंतर कापले जाते. भरलेली पिशवी घेऊन मुरमाचा चढ चढायला ते पुरेसे आहे. या फ्रीव्हीलमध्ये २४ दातांवरून एकदम ३४ वर उडी आहे, ती पायाला जाणवते, पण ती फक्त अवघड चढासाठीच वापरायची असते. त्यासाठी मागचा गिअर मात्र ३४ दात पेलणारा हवा, हे आधी तपासा. पुढचा शिफ्टर आणि त्याची तार निघून जाते, बिघडणाऱ्या वस्तू कमी होतात. पुढचा गिअर मात्र काढू नका; त्याचे दोन स्क्रू कसून तो चेनव्हीलच्या बरोबर वर पक्का उभा करा, म्हणजे खड्ड्यात चेन उतरणार नाही. हॅण्डलच्या मुठीसारखा फिरवायचा शिफ्टर असेल तर तो बदलून अंगठ्याने दाबायचा घ्या, कारण घामेजलेल्या किंवा चिखलाच्या हातात फिरती मूठ घसरते.

काम कोणत्या क्रमाने करावे, हेही महत्त्वाचे आहे. आधी हँगर, मग चेन आणि फ्रीव्हील, मग तारा आणि आउटर, आणि गिअर जुळवणी सर्वांत शेवटी. मुलीच्या सायकलचे काम त्याच दिवशी पण आधी करून घ्या. नव्या तारा पहिल्या आठवड्यात बसतात, टोप्या आपापल्या खोबणीत दाबल्या जातात आणि गिअर पुन्हा किंचित उशिरा चढू लागतो. घाबरून दुकानात जाऊ नका. मागच्या गिअरवर जिथे आउटर शिरतो तिथला गोल स्क्रू, मागे उभे राहून पाहताना, घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवा, एकदा सगळ्या चक्र्यांवर चेन नेऊन पाहा आणि गरज वाटली तर आणखी पाव फेरा द्या.